‘तब्येत सुधारली’ : संप्रेरकांवर जगलेल्या तिघींचे लेखन

१

मावसबहिणीच्या लग्नात आईला भेटणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता : ‘माई, तब्येत छान सुधारली हो!’ आई हसून ‘हो ना’ म्हणत होती. तिला आमवात होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू केल्या. काही दिवसांतच बोटांची सूज उतरली आणि ती पुन्हा स्वतःच्या हाताने वेणी घालू लागली. पुढच्या काही महिन्यांत तिचा उभट चेहरा गोल झाला, गाल वर आले, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा दिसू लागला. पाहुण्यांना दिसत होती ती ही गोलाई. आपल्याकडे माणूस जाड झाला की त्याची तब्येत सुधारते. रात्री साबण लावून हातातल्या घट्ट झालेल्या बांगड्या काढताना आई म्हणाली, ‘सुधारली म्हणतात. कोणाची सुधारली, कोण जाणे.’

या लेखाचा विषय तो ‘कोणाची’ आहे. संप्रेरकांचे उपचार घेत दीर्घकाळ जगलेल्या माणसांनी आपल्या अनुभवाविषयी जे लिहिले, त्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कधी तो उघडपणे विचारलेला असतो, कधी विनोदाच्या आड असतो, तर कधी न लिहिलेल्या पानांतून ओळखावा लागतो. असे लेखन आपण बहुधा ‘आजारपणाचे आत्मकथन’ या एकाच कप्प्यात टाकतो. धैर्य, वेदना, डॉक्टरांची कृपा किंवा अवकृपा आणि शेवटी जगण्याचा नवा अर्थ अशा ठरलेल्या पायऱ्यांनी ते वाचतो. माझे म्हणणे असे की, संप्रेरकांच्या बाबतीत ही वाचनपद्धती अपुरी पडते. ते दाखवण्यासाठी मी तिघींचे लेखन घेतले आहे : इन्शुलिन मिळालेल्या पहिल्या काही रुग्णांपैकी एक असलेल्या एलिझाबेथ ह्यूज या मुलीची पत्रे, अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओकॉनर यांची पत्रे व कथा, आणि इंग्लिश कादंबरीकार हिलरी मॅन्टेल यांचे आत्मकथन.

२

आधी शब्दाकडे पाहू. ‘हार्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली लंडनमधल्या व्याख्यानांत प्रथम वापरला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे चेतवणे, गती देणे. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी त्याला ‘संप्रेरक’ हा शब्द दिला. तो नुसता बिनचूक नाही, त्यात एक अवघड प्रश्नही दडलेला आहे. प्रेरणा हा शब्द आपण एरवी मनासाठी वापरतो. अमुक कवितेमागची प्रेरणा, तमक्या त्यागामागची प्रेरणा. तीच प्रेरणा एका ग्रंथीतून निघून रक्तातून वाहते, आणि ती बाटलीत भरून विकताही येते, हे या शब्दाने नकळत मान्य केले आहे.

म्हणूनच संप्रेरकाचा उपचार इतर उपचारांपेक्षा वेगळा ठरतो. शस्त्रक्रियेत काहीतरी कापून काढले जाते. प्रतिजैविक बाहेरून आलेल्या जंतूला मारते. दोन्ही ठिकाणी ‘मी’ आणि ‘ते’ यांची हद्द स्पष्ट असते. संप्रेरकाच्या उपचारात बाहेरून येते ते शरीराचेच असते, किंवा शरीराला आपले वाटावे इतके त्याच्यासारखे असते. शिवाय शरीर त्याच्याशी जुळवून घेते. स्टेरॉइड बरेच दिवस बाहेरून मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. म्हणून गोळ्या एकाएकी बंद करता येत नाहीत, पायरीपायरीने उतरवाव्या लागतात. पाहुणा इतका रुळतो की घरच्या माणसाला आपले काम आठवेनासे होते. अशा शरीरातला माणूस ‘मी’ म्हणून लिहायला बसतो, तेव्हा त्या ‘मी’मध्ये किती जण सामील आहेत, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

या उपचारांच्या इतिहासाच्या आरंभीच्या पानावर एक बाई आहे, पण तिचा आवाज नाही. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने अवटू ग्रंथी निकामी झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. सुजलेला चेहरा, मंदावलेली वाचा, सतत वाजणारी थंडी या साऱ्यांतून ती हळूहळू बाहेर आली आणि पुढे २८ वर्षे जगली. १९१९ साली, वयाच्या ७४व्या वर्षी ती वारल्यावर मरे यांनी तिची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. त्यात एक हिशेब आहे : या बाईला जगवायला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. हा हिशेब खरा आहे आणि मरे यांचा अभिमानही रास्त आहे. पण त्या २८ वर्षांत तिला काय वाटले? वाचा परत आल्यावर ती पहिल्यांदा कोणाशी, काय बोलली? ते कुठेच नाही. मेंढ्या मोजल्या गेल्या, बाईचे म्हणणे कोणी टिपले नाही. रुग्णाच्या लेखनाचे मोल समजण्यासाठी आधी ही रिकामी जागा पाहायला हवी.

३

एलिझाबेथ ह्यूज हिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. १९१९ साली, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. त्या काळी अशा मुलांसाठी एकच मार्ग होता : उपासमार. फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरांच्या पद्धतीनुसार घासन् घास मोजून, शरीर जेमतेम तग धरेल इतकेच अन्न द्यायचे. त्यामुळे मृत्यू लांबत असे, टळत नसे. १९२२च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेले, तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचे वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली टोचणी दिली गेली होती. औषध अजून अशुद्ध होते, टोचणी मोठी असे आणि दुखे.

टोरांटोहून तिने आईला लिहिलेली पत्रे वाचताना पहिल्यांदा जाणवते ते खाणे. पाव, साय, मका, चीज घातलेली मॅकरोनी. तीन वर्षे ज्यांची नुसती स्वप्ने पाहिली ते पदार्थ आता ताटात आहेत, आणि मुलगी त्यांचे वर्णन एखाद्या प्रवासवर्णनकाराच्या उत्साहाने करते. या पत्रांवर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मरणाच्या दारातून परतलेले मूल आणि त्याचा आनंद, एवढे त्यांना पुरेसे वाटते.

पण पत्रांची लेखनपद्धती नीट पाहिली तर आणखी काही दिसते. मुलगी हिशेब ठेवते : किती टोचले, किती खाल्ले, वजन किती वाढले. उपासमारीच्या वर्षांत ज्या आकड्यांनी तिला बांधून ठेवले होते, तेच आकडे आता आनंदाची भाषा झाले आहेत. टोचल्यावर होणारा त्रासही ती सांगते, पण लगेच वरचढ उल्हासाने तो झाकते. पत्र ज्या आईला जायचे आहे, तिने तीन वर्षे मुलीला मरताना पाहिले आहे. त्या आईला तक्रार कशी लिहायची? कृतज्ञता इथे खरी आहे, आणि तेच एक बंधनही आहे. जिला जीवदान मिळाले तिला कुरकुरण्याचा अधिकार उरत नाही. संप्रेरकावर जगणाऱ्या माणसाच्या लेखनातली ही पहिली अडचण, आणि ती एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या पत्रांत इतकी स्वच्छ दिसते.

नंतरचे तिचे आयुष्य या पत्रांवरचे सर्वांत बोलके भाष्य आहे. ती शिकली, लग्न केले, तीन मुलांची आई झाली, सार्वजनिक कामात रमली आणि १९८१ साली, ७३व्या वर्षी वारली. इन्शुलिनच्या शोधाचा इतिहास लिहिणारे मायकेल ब्लिस यांच्या अंदाजानुसार तिने आयुष्यभरात सुमारे ४२,००० टोचण्या घेतल्या. आणि हे सारे तिने जवळजवळ आयुष्यभर लपवून ठेवले. वडिलांच्या कागदपत्रांतून आपल्या आजाराचे उल्लेखसुद्धा काढून टाकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास जतन करणारी संस्था १९७४ साली उभी करण्यात जिचा पुढाकार होता, तिनेच स्वतःचा इतिहास पुसला, हा विरोधाभास मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या उन्हाळ्याने तिला पुन्हा जन्म दिला, त्या उन्हाळ्याची बाई म्हणून तिला ओळखले जायचे नव्हते.

आपण तिला भित्री म्हणू शकत नाही. आपल्याकडे आजही लग्नाचे बघताना मुलीच्या थायरॉइडच्या गोळीची डबी कपाटात मागे सरकते. इन्शुलिन घेणाऱ्या मुलीच्या आईला ‘आत्ताच सांगायची काय गरज?’ हे वाक्य शेजारीण सहज ऐकवते. गोळी रोज घेतली जाते आणि रोज लपवली जाते. म्हणजे आजाराचा नसला तरी लपवण्याचा ताण रोजचा असतो. एलिझाबेथची न लिहिलेली साठ वर्षे आपल्याला परकी नाहीत.

४

‘आजारावर लिहायला भाषेकडे शब्दच नाहीत’ ही तक्रार व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२६ सालच्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात केली आणि ती पुढे सुभाषितासारखी वापरली गेली. ती सर्वांनीच मानली असे मात्र नाही. २०१० साली मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात लिहिलेल्या दैनंदिनीत हिलरी मॅन्टेल यांनी वूल्फना सरळ खोडून काढले. वेदनेची शब्दसंपत्ती अफाट आहे, असे त्यांचे म्हणणे. मराठी माणूस मॅन्टेल यांच्या बाजूने साक्ष देईल. कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, चरचर, उसण, मुरडा, कणकण, हुडहुडी : आपल्या आज्यांना वैद्यकाचा कोश लागत नव्हता. ठणका आणि ठसठस यांतला फरक त्या झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या.

पण हे सारे शब्द वेदनेचे आहेत. संप्रेरकाच्या उपचारात जे घडते ते पुष्कळदा दुखत नाही. चेहरा बदलतो, भूक बदलते, झोप उडते, राग लवकर येतो, विचार थांबत नाहीत, उदासी कारणाशिवाय दाटते. यासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत ते आजाराचे नव्हेत, स्वभावाचे आहेत : चिडकी झाली, खादाड झाली, आळशी झाली, सुटली. ‘तब्येत सुधारली’ हे त्यांतले सर्वांत प्रेमळ. म्हणजे वूल्फ आणि मॅन्टेल दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. भाषेला वेदना बोलता येते, पण स्वभावात उतरलेला औषधाचा अंमल बोलायला गेले की ती माणसालाच दोष देऊ लागते.

या अडचणीतून वाट काढणारी सर्वांत तल्लख लेखिका मला फ्लॅनरी ओकॉनर वाटतात. जन्म १९२५, जॉर्जिया राज्यातला. १९५० अखेर घरी परतताना त्या गंभीर आजारी पडल्या. आजार होता ल्युपस. शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते, तो. त्यांचे वडील १९४१ साली याच आजाराने गेले होते, म्हणून आईने नाव लपवून त्यांना संधिवात असल्याचे सांगितले. खरे नाव त्यांना १९५२ साली एका मैत्रिणीकडून कळले. उपचार होता एसीटीएच, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोनची पहिली टोचणी १९४८च्या सप्टेंबरात दिली होती आणि १९५० साली त्या कामाला नोबेल मिळाले होते. ओकॉनर यांचा आजार काही वर्षे आधी आला असता तर त्यांच्या बहुतेक कथा लिहिल्याच गेल्या नसत्या.

एसीटीएच त्या काळी डुकरांच्या पीयूषिका ग्रंथींपासून काढत. ओकॉनर यांनी आपल्या पत्रांत याचा हिशेब मांडला आहे. शिकागोच्या कत्तलखान्यात रोज मरणाऱ्या हजारो डुकरांचे आपल्यावर ऋण आहे, अशा अर्थाची त्यांची थट्टा प्रसिद्ध आहे. तिच्याशेजारी डॉक्टर मरे यांच्या ८७० मेंढ्या ठेवून पाहाव्यात. हिशेब तोच, पण आता तो रुग्ण स्वतः मांडते आहे. डॉक्टरांच्या हिशेबात बाई ही मेंढ्यांच्या ग्रंथी लागलेले एक प्रकरण होती. ओकॉनर यांच्या हिशेबात डुकरे आणि त्या स्वतः एकाच ओळीत उभ्या आहेत, आणि हसण्याचा मान त्यांचा आहे. मोजणारा बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो. रुग्णाच्या विनोदाला आपण ‘हसतमुखाने सोसले’ अशी शाबासकी देऊन मोकळे होतो. पण हा विनोद सोसण्याचे साधन कमी आणि जाणण्याचे अधिक आहे. ‘माझ्यात कोण कोण आहे’ या प्रश्नाचे ते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

औषधाच्या मानसिक अंमलाबद्दलही त्यांनी लिहिले आहे. ‘वाइज ब्लड’ ही पहिली कादंबरी पुरी होण्याच्या सुमारास त्या मोठ्या मात्रेत कॉर्टिझोन घेत होत्या. त्या औषधाने मेंदू रात्रंदिवस चालूच राहतो, असे त्या एका पत्रात सांगतात. त्या काळात त्यांना वाटू लागले की, आपण आपले आणि आपल्या नायकाचे अशी दोन आयुष्ये एकदम जगतो आहोत. त्यांचा नायक हेझल मोट्स शेवटी स्वतःचे डोळे घालवतो. त्यांनाही आपण आंधळ्या आणि पांगळ्या होणार असे वाटत होते. पुस्तकाने आजार लिहिला की आजाराने पुस्तक, हे त्यांना उमगेना.

इथे समीक्षकाने सावध व्हायला हवे. ‘कादंबरीची दाहकता कॉर्टिझोनची’ असे विधान करण्याचा मोह मोठा आहे. पण तारखा त्याच्या विरोधात आहेत. कादंबरी आजाराच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. डोळे घालवण्याची कल्पना त्यांना सुचली ती कनेटिकटमध्ये फिट्झजेराल्ड कुटुंबाकडे राहत असताना. रॉबर्ट फिट्झजेराल्ड तेव्हा सोफोक्लिसच्या इडिपसवर काम करत होते आणि ओकॉनर यांनी ते नाटक तिथे वाचले. म्हणजे आंधळेपण ग्रीक शोकांतिकेतून आले, बाटलीतून नव्हे. औषधाने दिले ते दुसरेच काही : आपणच लिहिलेल्या गोष्टीत आपण अडकल्याचा, सीमा पुसल्याचा अनुभव. तो त्यांनी नंतर शांतपणे पाहिला आणि थट्टेच्या सुरात नोंदवला.

त्यांच्या आजारी पात्रांत हाच स्वभाव दिसतो. ‘द एन्ड्युअरिंग चिल’ या १९५८ सालच्या कथेतला ॲस्बरी हा होतकरू लेखक आपण मरणार या खात्रीने घरी येतो. आईला हलवून सोडील असे लांबलचक पत्र त्याने लिहून ठेवले आहे. निदान होते ते कच्च्या दुधातून आलेल्या तापाचे. आयुष्यभर छळेल, पण मारणार नाही, असा आजार. ज्या लेखिकेला खरोखर मरण दिसत होते, तिने मरणाचा थाट मिरवणाऱ्या लेखकाची अशी फजिती करावी, यात एक साहित्यिक भूमिका आहे : आजार ही पात्रता नव्हे. आणि अखेरच्या काही महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या ‘रेव्हलेशन’ या कथेत दवाखान्यात अपमान झालेली मिसेस टर्पिन संध्याकाळी डुकरांच्या गोठ्याशी उभी राहते, त्यांच्यावर पाणी मारता मारता देवाला जाब विचारते, आणि तिथेच तिला दर्शन होते. डुकरांच्या ऋणाची थट्टा करणाऱ्या लेखिकेच्या शेवटच्या मोठ्या कथेत दर्शन डुकरांपाशी घडते, हे मी फक्त शेजारी ठेवतो. कार्यकारण जोडत नाही. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, ३९व्या वर्षी त्या गेल्या.

५

हिलरी मॅन्टेल यांची गोष्ट विनोदाची कमी आणि संतापाची अधिक आहे. ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ हे त्यांचे आत्मकथन २००३ सालचे. विशीत पाय, पोट, पाठ सतत दुखत असताना डॉक्टरांनी त्यांचे दुखणे मनाचे ठरवले. मनोविकारांवरची औषधे दिली. त्या औषधांनी विलक्षण अस्वस्थता आणली, तर तीच वेडाची खूण मानली गेली. एका मानसोपचारतज्ज्ञाने लिहिणे थांबवायला सांगितले. पुढे पतीबरोबर बोट्स्वानात राहत असताना त्यांनी वैद्यकाच्या पुस्तकात स्वतःच आपला आजार शोधला : एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, संप्रेरकांच्या मासिक चक्राला प्रतिसाद देतात, आणि आतल्या आत व्रण करत राहतात. १९७९च्या अखेरीस लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. २७व्या वर्षी गर्भाशय व अंडाशये गेली. आजार मात्र परतला. मग संप्रेरकांचे उपचार आले आणि शरीर वाढू लागले. आधीची किडकिडीत बाई काही महिन्यांत स्वतःलाच ओळखेनाशी झाली.

या आत्मकथनाचा खरा विषय निदानातली चूक हा नाही. पुस्तक रचले आहे ते भुतांच्या आधाराने : विकायला काढलेल्या घराच्या जिन्यावर दिसणारे सावत्र वडिलांचे भूत, बालपणी बागेत भेटलेले अनाम अरिष्ट, आणि कधीच न जन्मलेली, तरी नाव असलेली मुलगी. औषधाने वाढलेले शरीर या मालिकेत कुठे बसते? माझ्या मते तेही एक भूत आहे, पण उलट्या प्रकारचे. नेहमीच्या भुताला मन असते आणि देह नसतो. इथे देह आहे, भरपूर आहे, पण तो जिच्या नावावर आहे ती बारीक बाई कुठेतरी आतच राहून गेली आहे. लोक जाड बाईशी बोलतात, तिला आळशी किंवा खुशालचेंडू समजतात. आत बसलेली ते ऐकत असते. आईच्या ‘कोणाची सुधारली’ या प्रश्नाचे इतके नेमके रूप मी दुसरीकडे वाचलेले नाही.

म्हणून मॅन्टेल यांच्या लेखी आत्मकथन म्हणजे मन मोकळे करणे नव्हे. आपल्याविषयी डॉक्टरांनी, कुटुंबाने, अनोळखी माणसांनी आजवर लिहिलेला मजकूर खोडून स्वतःवरचा हक्क परत घेणे, असा त्यांचा स्पष्ट पवित्रा आहे. तरीही एक आक्षेप नोंदवायला हवा. शरीराच्या वाढीवरची त्यांची काही पाने इतकी कठोर आहेत की, जाड देह म्हणजे मूळ माणसाचा अवमानच, असा सूर त्यांत उमटतो. जगाची जी नजर त्या धिक्कारतात तिचा थोडा अंश त्यांच्या स्वतःच्या नजरेतही उतरला आहे. त्याचे उत्तर त्यांनी कादंबरीत शोधले असावे. २००५ सालच्या ‘बियाँड ब्लॅक’मधली ॲलिसन ही अवाढव्य देहाची मृतसंवादिनी आहे. तिचा देह हा मृतांना उतरायला लागणारा वाडा आहे, आणि लेखिका तिच्याकडे ममतेने पाहते. पुढे थॉमस क्रॉमवेलवरच्या तीन कादंबऱ्यांत फुगत चाललेला, पायाच्या जखमेने चिडलेला आठवा हेन्री येतो. राजाचा देह हा सगळ्या दरबाराचा विषय असतो, त्याच्या दुखण्यावर माणसांची डोकी अवलंबून असतात. बदलत्या देहात कोंडलेल्या माणसाचा एकांत मॅन्टेल यांना आतून ठाऊक होता. आत्मकथनात जे रागाने लिहिले, ते कादंबरीत समजुतीने आले.

६

आर्थर फ्रँक यांच्या १९९५ सालच्या ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ या पुस्तकाने आजारपणाच्या कथनांचे तीन साचे सांगितले : बरे होण्याची गोष्ट, गोंधळाची गोष्ट आणि शोधयात्रेची गोष्ट. वरच्या तिघींना हे साचे लावून पाहिले तर प्रत्येकीचा काही भाग बाहेर उरतो. एलिझाबेथची पत्रे बरे होण्याची गोष्ट वाटतात, पण ती बरी झालीच नाही. रोज टोचून घेणे हेच तिचे बरेपण होते. ओकॉनर गोंधळ सांगतात, पण अत्यंत नीटस वाक्यांत. मॅन्टेल यांची शोधयात्रा आहे, पण तिच्या शेवटी सापडलेले शरीर त्यांना नको आहे. फ्रँक यांनी आजार आटोक्यात ठेवून जगणाऱ्यांचा एक समाजच असतो, हेही सांगितले आहे. ते सूत्र इथे जास्त उपयोगी पडते. संप्रेरकाच्या गोष्टीला शेवट नसतो, मात्रा असते. ती वाढते, उतरते, चुकते. तिचे नाते कादंबरीपेक्षा रोजनिशीशी अधिक आहे.

या लेखनाची निकड का, हे एका विरुद्ध उदाहरणाने दाखवतो. १९५६ साली निकोलस रे यांचा ‘बिगर दॅन लाइफ’ हा चित्रपट आला. तो बर्टन रूशे यांच्या ‘न्यू यॉर्कर’मधल्या एका खऱ्या रुग्णावरच्या लेखावर बेतला होता. कॉर्टिझोनने वाचलेला एक शाळामास्तर औषध वाजवीपेक्षा जास्त घेऊ लागतो, स्वतःला महामानव समजतो आणि अब्राहमसारखा मुलाचा बळी द्यायला निघतो. जेम्स मेसन यांचा अभिनय अविस्मरणीय आहे. पण चित्रपट पाहतो ते बायको-मुलाच्या नजरेने, भयभीत होऊन. त्याच दशकात, त्याच वर्गातल्या औषधावर असलेल्या ओकॉनर रात्रंदिवस चालणाऱ्या मेंदूचे वर्णन आतून करत होत्या. बाहेरून पाहिले तर राक्षस दिसतो. आतून ऐकले तर एक दमलेला माणूस भेटतो, जो आपल्यावर नजर ठेवून आहे. उपचार करणाऱ्याला आणि घरच्यांना दोन्ही चित्रे लागतात. आपल्यापर्यंत पोचते ते बहुधा पहिलेच.

मराठीत आजारपणाच्या लेखनाची परंपरा आहे. पद्मजा फाटक यांचे मूत्रपिंडारोपणाच्या अनुभवावरचे ‘हसरी किडनी’ हे पुस्तक अनेकांच्या संग्रही असेल. शीर्षकातच ओकॉनर यांच्या जातीचा विनोद आहे : दुसऱ्याकडून आलेला अवयव, आणि हसतो तो अवयवच. पण थायरॉइडची गोळी, इन्शुलिन, स्टेरॉइड, स्तनांच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षे घ्यायच्या संप्रेरकरोधक गोळ्या यांवर आपल्या घराघरांत जेवढी माणसे जगतात, त्या मानाने या अनुभवाला आपल्या साहित्यात मिळालेली जागा फार थोडी आहे. कर्करोगावर पुस्तक निघते. त्यानंतरच्या पाच वर्षांच्या गोळीवर, त्या गोळीने रात्री अंगातून निघणाऱ्या वाफांवर, सांध्यांच्या आखडण्यावर पान निघत नाही. ते ‘बरे झाल्या’नंतरचे असते, म्हणून सांगण्यासारखे मानले जात नाही. एलिझाबेथची कृतज्ञतेची अडचण इथे आपल्या सगळ्यांची होते.

आई गेल्यावर तिच्या हिशेबाच्या वह्या चाळल्या. दूध, किराणा, लाइटबिल. आणि समासात बारीक अक्षरात आकडे : १०, १०, ७॥, ७॥, ५. कितीतरी दिवस ते मला कशाचेच वाटले नाहीत. मग उमगले की, त्या उतरत्या गोळ्या आहेत. माझ्या आईने आजारपणावर लिहिलेले एवढेच. एका पानावर मात्र ५च्या पुढे दोन शब्द आहेत : ‘बांगडी निघाली.’ त्या नोंदीत आकडा डॉक्टरांचा आहे, शब्द तिचे आहेत. तब्येत कोणाची सुधारली, हे लग्नातल्या पाहुण्यांना कळले नव्हते. तिला कळले तो दिवस तिने दुधाच्या बिलाशेजारी लिहून ठेवला.